चीन मध्यस्थ झाला खरा, पण जामीन कोण राहणार?

विभाग: चर्चा › आंतरराष्ट्रीय घडामोडी
धागाकर्ता: ओसरीवरचा
१४ मार्च २०२३

गेल्या शुक्रवारी बीजिंगहून आलेला फोटो एव्हाना सगळ्यांनी पाहिला असेल. मधोमध चीनचे वरिष्ठ मुत्सद्दी वांग यी, एका बाजूला सौदीचे सुरक्षा सल्लागार मुसाद अल-ऐबान, दुसऱ्या बाजूला इराणचे अली शमखानी. सात वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन देश आता दोन महिन्यांत वकिलाती उघडणार. आपल्याकडे लगेच दोन तट पडले. एका वाहिनीवर अमेरिकेची आखातातली सद्दी संपली, तर दुसरीवर हा निव्वळ फोटोचा कार्यक्रम. मला दोन्ही पटलं नाही म्हणून हा धागा. लांबलाय, आधीच सांगतो.

१९५९ मध्ये दाछिंगला तेल लागलं आणि पुढची तीसेक वर्षं चीनला बाहेरच्या तेलाची फारशी गरज पडली नाही. उलट जपानला तेच विकत होते. १९९३ मध्ये पारडं फिरलं आणि आयात निर्यातीच्या वर गेली. २०१७ मध्ये कच्च्या तेलाच्या आयातीत त्यांनी अमेरिकेला मागे टाकलं. आज रोज एक कोटी पिंपांहून जास्त तेल ते बाहेरून आणतात, आणि त्यातलं साधारण निम्मं आखातातून येतं.

पण हे नातं काही तेलापासून सुरू झालेलं नाही. ऐंशीच्या दशकात इराण-इराक युद्ध पेटलेलं असताना चीन दोघांनाही शस्त्रं विकत होता. त्याच सुमारास सौदीने चीनकडून डीएफ-३ क्षेपणास्त्रं गुपचूप घेतली. गंमत म्हणजे तेव्हा रियाधमध्ये चीनची वकिलातच नव्हती, सौदीच्या लेखी चीन म्हणजे तैवान. १९८८ मध्ये व्यवहार उघडकीला आला, निषेधाचा खलिता घेऊन गेलेल्या अमेरिकी राजदूतालाच गाशा गुंडाळावा लागला, आणि राजनैतिक संबंध जुळले ते जुलै १९९० मध्ये. आधी माल, मग ओळख!

या सगळ्यात चीनने एक पथ्य कायम पाळलं: कुणाच्याही भांडणात पडायचं नाही आणि कुणाशीही वाकडं घ्यायचं नाही. त्याला अनुभवाचीही जोड होती. ऑगस्ट १९७८ मध्ये चीनचे तेव्हाचे नेते हुआ ग्वोफेंग तेहरानला जाऊन इराणच्या शहाचा पाहुणचार घेऊन आले आणि काही महिन्यांत शहाच देश सोडून गेला. नव्या इराणी राजवटीपुढे चीनला बरीच सारवासारव करावी लागली.

आता जानेवारी २०१६ बघा. २ तारखेला सौदीने शिया धर्मगुरू निम्र अल-निम्र यांना देहदंड दिला, तेहरानमध्ये जमावाने सौदीची वकिलात जाळली, ३ तारखेला सौदीने संबंध तोडले. आणि त्याच महिन्यात शी जिनपिंग रियाधला गेले, यानबूच्या रिफायनरीचं उद्घाटन केलं (सौदीची सरकारी तेलकंपनी अराम्को ६२.५ टक्के, चीनची सायनोपेक ३७.५), मग कैरो, मग थेट तेहरान. सौदीला 'सर्वंकष सामरिक भागीदार' म्हटलं आणि चार दिवसांत इराणलाही तोच किताब दिला. दुसऱ्या कुणाला हे जमलं असतं? आपण दोघांशी बोलतो, पण या थाटात नाही.

मात्र गेल्या डिसेंबरमध्ये तोल गेला. रियाधच्या शिखर परिषदेत आखाती देशांसोबतच्या संयुक्त निवेदनात अबू मुसा आणि दोन्ही तुंब बेटांचा उल्लेख आला. ही बेटं १९७१ पासून इराणच्या ताब्यात आहेत आणि अमिरातीचा त्यांच्यावर दावा आहे. तेहरानने चिनी राजदूताला बोलावून सुनावलं. मग फेब्रुवारीत इराणचे अध्यक्ष रईसी बीजिंगला जाऊन आले आणि मार्चमध्ये हा समेट.

तर माझं म्हणणं एवढंच. चीनने मध्यस्थी केली हे खरं, पण बोलणी जमवण्याचं कष्टाचं काम बगदाद आणि मस्कतने २०२१-२२ मध्ये करून ठेवलं होतं. निवेदनात दोघांचे आभारही मानलेत. चीनने वजन आणि जागा दिली. पण उद्या एकाने शब्द फिरवला तर? मध्यस्थ हात झटकून मोकळा होतो, जामीन राहिलेल्याला भरावं लागतं. बीजिंगने कशाचीही हमी घेतल्याचं मला कुठे दिसलं नाही. तुम्हाला दिसलं का?

---

वाचनमात्र_वासू
१४ मार्च २०२३

वाचनखूण साठवली. क्षेपणास्त्रांचा किस्सा माहीतच नव्हता. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

रोखठोक रावसाहेब
१४ मार्च २०२३

लेख बरा आहे, पण खरा प्रश्न सुटलाय. चीनला काय हवं ते उघड आहे हो. सौदी बीजिंगला का गेले ते सांगा ना.

१४ सप्टेंबर २०१९. सौदीच्या अबकैक तेल केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडली. एका सकाळीत सौदीचं निम्मं उत्पादन बंद, दिवसाला ५७ लाख पिंपं. सौदीची अपेक्षा होती, वॉशिंग्टन इराणवर तुटून पडेल. ट्रंपसाहेबांनी निर्बंध वाढवले, काही सैनिक आणि क्षेपणास्त्रभेदी तोफखाना पाठवला, आणि विषय संपला. एवढी वर्षं अमेरिकी शस्त्रांवर जो पैसा ओतला तो कशासाठी, हा प्रश्न रियाधला त्या दिवशी पडला. पुढे बायडन जुलै २०२२ मध्ये जेद्दाला जाऊन मूठ भिडवून आले, तर ऑक्टोबरमध्ये ओपेक-प्लसने उत्पादन वीस लाख पिंपांनी घटवलं. नवरा-बायकोच्या भांडणात शेजारच्या काकूंकडे जाऊन बसतात, तसं आहे हे. काकूंचं घर आवडतं म्हणून कुणी जात नाही.

---

ओसरीवरचा
१५ मार्च २०२३

@रावसाहेब, काकू आवडल्या. अबकैकचा मुद्दा मान्य, तो मूळ लेखात यायला हवा असा आहे. पण भर घालतो: सौदीला तेहरानशी बोलायचंच होतं, तर बगदादमध्ये चाललंच होतं की. बीजिंग निवडलं कारण इराणवर दडपण आणू शकेल असं गिऱ्हाईक तेवढं एकच उरलंय. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ नंतर इराणचं तेल उघडपणे घेणारं दुसरं आहे कोण? आपणही मे २०१९ मध्ये थांबलो.

---

दर्यावर्दी
१६ मार्च २०२३

'उघडपणे' या शब्दाला हरकत! पंचवीस वर्षं टँकरवर काढली आहेत, त्यातली बरीच आखात ते पूर्व आशिया याच वाटेवर, म्हणून लिहितो.

चीनच्या सीमाशुल्क खात्याचे आकडे उघडा. इराणच्या रकान्यात जवळजवळ शून्य. आणि मलेशियाच्या रकान्यात एवढं तेल, की मलेशियाच्या सगळ्या विहिरी मिळूनही तेवढं काढत नाहीत. हे कसं होतं ते जोहोरच्या पूर्वेला नांगर टाकून पडलेल्या जहाजांच्या गर्दीत दिसतं. इराणच्या खार्ग बेटावर भरलेलं जहाज तिथे येतं, दुसरं बाजूला लागतं. मध्ये ट्रकएवढाले रबरी फेंडर सोडलेले असतात, टायर आणि साखळ्यांच्या जाळीत गुंडाळलेले. होज जोडायचे, आणि दीड-दोन दिवसांत माल इकडचा तिकडे. ठिकाण कळवणारी यंत्रणा अर्थातच बंद किंवा भलतीकडचं ठिकाण दाखवणारी. नव्या जहाजाच्या कागदावर मालाचं मूळ मलेशिया.

एकदा आम्ही अशाच एका बोटीच्या अगदी जवळून गेलो. जहाजाचं नाव पत्र्यावर वेल्डिंगने उठवलेलं असतं आणि त्यावर रंग देतात. हिच्या मागच्या बाजूला उठावाची जुनी अक्षरं काळ्या रंगाखाली सरळ वाचता येत होती, आणि वर दुसरंच नाव नुसत्या पांढऱ्या रंगाने लिहिलेलं. तेही वाकडं. बोट वीस वर्षांच्या पुढची. चांगल्या कंपन्या इतक्या जुन्या बोटीला भाड्याने हात लावत नाहीत.

हे तेल सायनोपेक किंवा सीएनपीसी या चिनी सरकारी कंपन्यांच्या मोठ्या रिफायनऱ्यांत जात नाही. ते जातं शांतुंग प्रांतातल्या छोट्या खासगी रिफायनऱ्यांत. त्यांना धंद्यात 'टीपॉट' म्हणतात. त्यांचं डॉलरशी देणंघेणं नसतं, न्यूयॉर्कच्या बँकेत खातं नसतं, मग अमेरिका निर्बंध घालून घालणार कुणावर? वर भावात घसघशीत सूट. इराणला पैसा मिळतो तो बहुतेक युआनमध्ये, आणि तो चीनमध्येच खर्चावा लागतो.

---

सांजवात
१६ मार्च २०२३

दर्यावर्दी, वेगळा लेख लिहाच. नम्र विनंती.

एक विचारायचं होतं. २०२१ मध्ये चीन-इराण पंचवीस वर्षांचा करार झाला त्यात ४०० अब्ज डॉलर गुंतवणार असं वाचलं होतं. मग इराणची परिस्थिती सुधारलेली का दिसत नाही?

---

ओसरीवरचा
१६ मार्च २०२३

@सांजवात, २७ मार्च २०२१ रोजी तेहरानमध्ये वांग यी आणि इराणचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री झरीफ यांनी सही केली तो कराराचा आराखडा आहे. ४०० अब्जचा आकडा सहीच्या बऱ्याच आधीपासून माध्यमांत फिरत होता, दोन्ही सरकारांनी असा आकडा जाहीर केलेला नाही. प्रत्यक्षात काय झालं ते इराणच्या साउथ पार्स वायुक्षेत्राच्या अकराव्या टप्प्यात बघा. २०१८ मध्ये अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली, फ्रान्सची टोटल निघून गेली, तिचा हिस्सा सीएनपीसीकडे आला. चीन आता मैदान मारणार असं सगळे म्हणाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सीएनपीसीही बाहेर पडली. दक्षिण आझादेगान तेलक्षेत्राचं सीएनपीसीचं कंत्राट तर काम रेंगाळलं म्हणून इराणनेच २०१४ मध्ये काढून घेतलं होतं. स्वस्त तेल घ्यायला टीपॉट पुढे, पैसा अडकवायची वेळ आली की मोठ्या कंपन्या मागे.

---

वाळूचा किल्ला
१९ मार्च २०२३

सगळे सौदी-इराणच बोलतायत. इराक राहिला की! मी तिथे बसऱ्याजवळ इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामावर होतो (कंपनी विचारू नका), तर चार ओळी.

२००९ मध्ये इराकने तेलक्षेत्रांचा जाहीर लिलाव केला, टीव्हीवर दाखवला. रुमैला या तेलक्षेत्रासाठी अमेरिकेच्या एक्सॉनने वाढीव उत्पादनाच्या पिंपामागे ४.८० डॉलर मागितले. इराक म्हणाला, दोनच देणार. एक्सॉन उठून गेली. ब्रिटनची बीपी आणि सीएनपीसी यांच्या जोडीने ३.९९ मागितले होते, ते दोनवर कबूल झाले. त्या दिवशी देकार आलेल्यांपैकी तेवढं एकच क्षेत्र गेलं. दोन डॉलर! बाकीच्यांना वाटलं, वेडे आहेत. पण चिनी सरकारी कंपनीला त्या दोन डॉलरपेक्षा पाय रोवायला जागा हवी होती, आणि मागोमाग आपल्याच ड्रिलिंग कंपन्या, आपलेच रिग, आपलाच पाइप आणता येतो. म्हणजे नफा दुसऱ्या खिशात.

कॅम्पचं सांगतो. काँक्रीटच्या उंच भिंती सगळ्यांनाच, बाहेर पडताना सुरक्षेची गाडी पुढे-मागे सगळ्यांनाच. पण पाश्चात्त्य कंपन्यांचे लोक अठ्ठावीस दिवस काम, अठ्ठावीस दिवस घरी. चिनी पोरं सलग कित्येक महिने. त्यांचा स्वयंपाकी चीनचा, भाजी कुंपणाच्या आत लावलेली, अरबी बोलणारा एखादा दुभाषा, तोही बहुतेक चिनी मुसलमान, निंगशियाकडचा. गावातल्या लोकांची नोकऱ्यांवरून गेटवर निदर्शनं व्हायची, तेव्हा ते आत शांत बसून असायचे. आमचे साहेब लगेच हेलिकॉप्टरचा विचार करायचे.

आता एक्सॉन इराकच्याच वेस्ट कुर्ना-१ तेलक्षेत्रातूनही काढता पाय घेतेय. जागा कोण भरणार हे तिथे हमालालाही माहीत आहे.

---

तळ्यात_मळ्यात
३० मार्च २०२३

परवाच शांघायच्या एक्सचेंजवर अमिरातीचा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) पहिल्यांदा युआनमध्ये विकला गेला, ६५ हजार टन. पेट्रोडॉलरचं (म्हणजे तेल डॉलरमध्येच विकायच्या प्रथेचं) तेरावं घालायची तयारी करा मंडळी.

---

रोखठोक रावसाहेब
३० मार्च २०२३

तेराव्याचं जेवण तुम्ही वाढा, आम्ही येत नाही. तो माल फ्रेंच टोटलचा होता आणि घेणारी चिनी सीनूक. दोन कंपन्यांत एक सौदा. तिकडे सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे. ज्याचं स्वतःचं चलन डॉलरला खुंटलंय तो तेल युआनमध्ये विकून ते युआन ठेवणार कुठे? चिनी सरकार तर युआन देशाबाहेर मोकळा हिंडू देत नाही. इराण घेतो कारण त्याला दुसरा मार्ग नाही.

---

तळ्यात_मळ्यात
३० मार्च २०२३

बरं बरं. पण दिशा बघा, वेग नका बघू.

---

कोकणचो झील
२७ एप्रिल २०२३

दिशा आमच्या बारसूकडे वळलीय सध्या! २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबुधाबीची ॲडनॉक मिळून निम्मा हिस्सा घेणार होत्या, सहा कोटी टनांची रिफायनरी. आधी नाणार, मग बारसू. आता माती परीक्षण चाललंय आणि बायाबापड्या उन्हात सड्यावर आडव्या पडल्यात. सौदीने चीनमध्ये यानबूची जोडीदारीण शोधली तशी इथेही शोधली, पण लोकांना विचारलं कुणी?

---

रोखठोक रावसाहेब
२७ एप्रिल २०२३

विकास नको, नोकऱ्या नकोत, मग मुंबईच्या गाडीला लोंबकळत जा.

---

कोकणचो झील
२७ एप्रिल २०२३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

संपादक
२७ एप्रिल २०२३

बारसूवर दोन धागे आधीच चालू आहेत, तिकडे जावे. तिथेही भाषा सांभाळावी. या धाग्यावरचे पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

---

सांजवात
२९ एप्रिल २०२३

अवांतर नाही, विषयाचंच आहे. उइगुरांबद्दल कुणीच काही बोललं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मानवाधिकार परिषदेत शिंच्यांगवर नुसती चर्चा ठेवायची की नाही यावर मतदान झालं. १७ बाजूने, १९ विरुद्ध, ११ तटस्थ. विरुद्ध मतांत कतार आणि अमिराती. तटस्थांत भारत. पॅलेस्टाइनवर ज्यांचा कंठ दाटून येतो ते इथे गप्प, आणि चीन त्यांच्या तुरुंगांबद्दल, फाशींबद्दल गप्प. तेलाच्या आधीचा खरा सौदा हाच वाटतो मला. अमेरिका शस्त्रं देताना निदान संसदेत भाषणं तरी ऐकवते. बीजिंगकडून कुठल्याच सुलतानाला प्रवचन ऐकावं लागत नाही, याची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही.

---

ओसरीवरचा
२९ एप्रिल २०२३

+१. याला उत्तर नाही माझ्याकडे.

---

दर्यावर्दी
१९ जानेवारी २०२४

धागा वर काढतोय, कारण जामिनाची परीक्षा लाल समुद्रात चालू आहे.

नोव्हेंबरात येमेनच्या हूथी बंडखोरांनी 'गॅलक्सी लीडर' ही बोट पळवली तेव्हापासून आमच्या धंद्यात हलकल्लोळ आहे. मोठ्या कंपन्या सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालतायत, म्हणजे दहा-बारा दिवस जास्त. आणि लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या काही बोटी आता ठिकाण लिहायच्या रकान्यात चक्क लिहितात, 'सर्व कर्मचारी चिनी'. बंदराचं नाव लिहायची जागा आहे ती! हूथींनी स्वतः सांगितलंय की चीन आणि रशियाच्या जहाजांना धोका नाही.

आता गंमत बघा. चीनचं आरमार २००८ च्या डिसेंबरपासून एडनच्या आखातात गस्त घालतंय. २०१७ पासून जिबूतीत पक्का तळ आहे, बाब-अल-मंदेबच्या तोंडावर. पण अमेरिकेने उभ्या केलेल्या गस्तीत ते सामील नाहीत आणि स्वतंत्रपणेही हूथींना अंगावर घेत नाहीत. उलट आपल्या नौदलाने अरबी समुद्रात एवढ्या युद्धनौका उतरवल्यात की रेडिओवर त्यांचा आवाज ऐकला की बरं वाटतं. २३ डिसेंबरला गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर 'केम प्लूटो'वर ड्रोन पडला, ती बोट मुंबईत आणून उभी केली, तिच्यावर वीसेक भारतीय खलाशी होते. आपल्याला गप्प बसणं परवडत नाही कारण जहाज कुणाचंही असो, डेकवर आपलीच पोरं असतात.

---

मस्कतकर
२० जानेवारी २०२४

दर्यावर्दींनी नेमकं सांगितलं. इतके दिवस फक्त वाचत होतो. वीस वर्षं ओमानमध्ये आहे.

आखातात नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. चीनचं इथे तेल आहे, आपली माणसं आहेत. म्हणून दोघांच्या परराष्ट्र धोरणाची तुलना करताना जरा जपून. १९९० मध्ये कुवेतमधून पावणेदोन लाख लोक विमानांनी काढावे लागले, २०१५ मध्ये येमेनमधून हजारो. चीनलाही २०११ मध्ये लिबियातून पस्तीस हजारांवर माणसं हलवावी लागली, पण ती कंपन्यांची माणसं होती, कंत्राट संपलं की जाणारी. इथल्या प्रत्येक दुकानात, दवाखान्यात, बँकेत आपण आहोत. आखातातल्या प्रत्येक युद्धात पहिला फोन सांगली-रत्नागिरी-मलप्पुरमला जातो.

---

वाळूचा किल्ला
२० जानेवारी २०२४

रच्याकने (जाता जाता), वेस्ट कुर्ना-१ ची प्रमुख कंत्राटदार या महिन्यापासून पेट्रोचायना.

---

तळ्यात_मळ्यात
२५ जून २०२५

इराणशी बारा दिवस युद्ध झालं. इस्रायलने १३ तारखेला सुरुवात केली, २२ ला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ, इस्फहान इथल्या इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले. सर्वंकष सामरिक भागीदाराने काय केलं? निषेध. निवेदन. पुन्हा निषेध. ओसरीवरचे, तुमचा धागा आठवला.

वर काल ट्रंप म्हणतात, चीनने आता इराणचं तेल खुशाल घेत राहावं. म्हणजे निर्बंध घालणाराच परवानगी देतोय!

---

रोखठोक रावसाहेब
२५ जून २०२५

कागदी वाघ, दुसरं काय. दोन वर्षांपूर्वी इथे जे फटाके फुटत होते ते भिजले.

---

ओसरीवरचा
२६ जून २०२५

रावसाहेब, थोडं थांबा. इराणला वाचवायला चीन येणार असं इथे कुणीच म्हटलं नव्हतं. पण बीजिंगच्या समेटाचं काय झालं ते बघा ना. १३ जूनलाच सौदीने इस्रायलच्या हल्ल्याचा निषेध केला आणि इराणला 'बंधुराष्ट्र' म्हटलं. २०१९ मध्ये हे कुणी छापलं असतं तर हसलो असतो. एप्रिलमध्ये सौदीचे संरक्षणमंत्री खालिद बिन सलमान तेहरानला जाऊन खामेनींना भेटून आले होते. २३ जूनला इराणने कतारच्या अल-उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तरी सौदीने संबंध तोडले नाहीत. म्हणजे ज्या दोघांमध्ये समेट झाला त्या दोघांत तो टिकला. तिसरा येऊन एकाला झोडपेल याची तरतूद त्या कागदात नव्हतीच, आणि चीनने ती घालूही दिली नसती.

चीनला इराण जिंकायला नको आहे, इराण पडायलाही नको आहे. अडचणीत असलेला इराण सूट देतो. होर्मुझची सामुद्रधुनी मात्र उघडी राहिली पाहिजे, कारण तिथून रोज सुमारे दोन कोटी पिंपं जातात आणि त्यातलं बहुतेक आशियाकडे येतं. इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्याची भाषा केली तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रुबियो यांनी जाहीरपणे चीनलाच सांगितलं की तुम्ही त्यांना समजवा. यात चीनचं वजन आणि त्याची मर्यादा दोन्ही आलं.

---

दर्यावर्दी
२६ जून २०२५

होर्मुझ बंद झाली नाही, पण त्या दिवसांत तिथे जीपीएस इतकं बिघडवलेलं होतं की नकाशावर बोटी जमिनीवर चालताना दिसत. १७ जूनला ओमानच्या आखातात दोन टँकर एकमेकांवर आपटले. रडार आणि डोळे यांच्यावर भरवसा ठेवायला शिकलेली जुनी माणसं अशा वेळी उपयोगी पडतात, एवढंच म्हणतो.

---

सांजवात
२७ जून २०२५

आणि आपण? १४ जूनला शांघाय सहकार्य संघटनेने इस्रायलचा निषेध केला, भारताने त्या निवेदनातून अंग काढून घेतलं. फरझाद-बी वायुक्षेत्र ओएनजीसी विदेशने शोधलं, २०२१ मध्ये इराणने ते स्वतःच्या कंपनीला दिलं. इराणच्या चाबहार बंदरावर मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला, पण तो अमेरिकेच्या सवलतीच्या दोरीवर लोंबकळतोय. चीन निदान चोरून तरी तेल घेतो.

---

मस्कतकर
२७ जून २०२५

ताई, चोरून घ्यायला शांतुंगसारख्या मोकळ्या रिफायनऱ्या आणि डॉलरची भीती नसलेल्या बँका लागतात. आपल्या रिफायनऱ्या अमेरिका-युरोपला डिझेल विकतात, बँकांचं सगळं डॉलरमध्ये. धाडस कमी पडलं असं नाही म्हणणार मी, हिशोब वेगळा आहे. अबुधाबीत लोअर झाकुम तेलक्षेत्रात आपला दहा टक्के हिस्सा २०१८ पासून आहे, मंगळूरच्या गुहांत त्यांचं तेल आपण साठवलं. अमिरातीशी २०२२ मध्ये व्यापार करार झाला. एका बाजूला जास्त पाणी, दुसरीकडे कमी.

---

वाचनमात्र_वासू
१९ सप्टेंबर २०२५

पॉपकॉर्न संपले पण प्रश्न आहे. ९ तारखेला इस्रायलने थेट दोह्यावर हल्ला केला. परवा, १७ ला, सौदी आणि पाकिस्तानने संरक्षण करार केला, एकावरचा हल्ला तो दोघांवरचा म्हणे. मग सौदीने जामीन म्हणून इस्लामाबादला उभं केलं का? बीजिंगला का नाही?

---

ओसरीवरचा
१९ सप्टेंबर २०२५

बीजिंग असा करार कुणाशीच करत नाही. एक उत्तर कोरिया सोडला तर चीनचा कुणाशीही परस्पर संरक्षणाचा करार नाही, आणि तोही १९६१ चा. सौदीने विचारलं असतं तरी नकार ठरलेला होता.

---

रोखठोक रावसाहेब
१९ सप्टेंबर २०२५

पण पाकिस्तान लढणार कशाने? सिप्री या शस्त्रव्यापाराच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२०-२४ मध्ये त्यांच्या आयात शस्त्रांपैकी ८१ टक्के चिनी. विमानं चिनी, क्षेपणास्त्रं चिनी, पाणबुड्या चिनी येतायत. सही इस्लामाबादची, पैसा रियाधचा आणि दुकान बीजिंगचं. म्हणजे नाव कुठेच नाही आणि माल सगळीकडे.

---

तळ्यात_मळ्यात
१९ सप्टेंबर २०२५

रावसाहेब चीनचं कौतुक करतायत. कुणीतरी फोटो काढून ठेवा.

---

मस्कतकर
२० सप्टेंबर २०२५

कौतुक राहू द्या. इथे शुक्रवारी मित्रमंडळी जमलो तर सगळ्यांचा एकच विषय, दोह्यात राहणाऱ्यांनी मुलांना गावी पाठवावं का. अल-उदैदवर अमेरिकेचा आखातातला सगळ्यात मोठा तळ असताना कतारवर तीन महिन्यांत दोनदा हल्ला झाला, एकदा इराणचा, एकदा इस्रायलचा. इथले शेख आता जामीन एकच ठेवणार नाहीत. अमेरिकेचा तळ, पाकिस्तानचा करार, चीनची गिऱ्हाइकी, तुर्कस्तानचे ड्रोन, जे मिळेल ते. शाळा मात्र सहामाहीच्या मध्यात बदलता येत नाही.